न लिहिणाऱ्या लेखण्या

गरज सरली की वस्तूला दोनच वाटा उरतात. एक अडगळीच्या खोलीकडे जाणारी आणि दुसरी हौसेच्या कपाटाकडे. तांब्याचा बंब, लंबकाचे घड्याळ, ग्रामोफोन या साऱ्यांनी या दोन्ही वाटा पाहिल्या. शाईचे पेनही त्यांच्याच पाठोपाठ गेले. बहुतेक पेने टेबलाच्या खणात, तुटक्या चष्म्यांच्या आणि जुन्या किल्ल्यांच्या सोबतीला जाऊन पडली. थोडी मात्र मखमलीच्या पेटीत जाऊन बसली. पेटीत बसलेल्या पेनांचे दैव अधिक चांगले, असे वरवर पाहता वाटते. परंतु ज्यांनी हा छंद वर्षानुवर्षे मनापासून जोपासला, त्या जाणकारांची तक्रार नेमकी या पेट्यांविषयीच आहे.

शाईच्या पेनाचा राज्यकाळ तसा फार मोठा नव्हे. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने १८८४ साली निबेकडे शाई बेताने पोहोचवणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले आणि दौतीत वारंवार टाक बुडवण्यातून लिहिणाऱ्याची सुटका झाली. पुढे ऑक्टोबर १९४५ मध्ये त्याच शहरातील एका मोठ्या दुकानात साडेबारा डॉलरला एक या दराने बॉलपेने विक्रीस आली आणि शाईच्या पेनाची उतरण सुरू झाली. भारतात ही उतरण बरीच उशिरा आली. बॉलपेनने अक्षर बिघडते, या समजुतीने महाराष्ट्रातील अनेक शाळांत ते वापरण्यास दीर्घकाळ मनाई होती. मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या भुकटीपासून उद्योगाचा आरंभ केला. त्यांचीच कॅमल शाई पुढे घरोघरी पोहोचली. ड्रॉपरने शाई भरताना निळी झालेली बोटे, गणवेशाच्या खिशावर उमटलेला डाग आणि वहीत ठेवलेला टीपकागद या खुणा आज साठीच्या पुढे असलेल्या पिढीला वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत.

आता हे पेन कोणालाच लागत नाही आणि तरीही ते पूर्वीपेक्षा अधिक थाटात विकले जाते. जगभर पेनांची प्रदर्शने भरतात, संग्राहक दूरदूरच्या गावांहून तेथे येतात, शाईच्या छटांवर तासन्‌तास चर्चा होते. या उत्साहात मनापासून आनंद मानावा असे पुष्कळ आहे. मात्र त्याबरोबर काही अशा रूढी रुजल्या आहेत की, जुने संग्राहक त्यांच्यापुढे कधी चकित होतात, कधी वैतागतात. या रूढी वरून वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. पेनाची परीक्षा कागदावर होण्याऐवजी अन्यत्र कोठेतरी होऊ लागली आहे.

संख्येचे मोल

सर्वांत मोठी रूढी मर्यादित आवृत्तीची. ठरावीक संख्येइतकीच पेने काढावयाची, प्रत्येकावर क्रमांक घालावयाचा आणि त्या क्रमांकाच्या जोरावर किंमत कित्येक पटींनी वाढवावयाची, असा हा व्यवहार आहे. जर्मनीच्या माँब्लाँ कंपनीने १९९२ मध्ये कलेच्या आश्रयदात्यांच्या नावाने पेनांची मालिका सुरू केली आणि तिच्यातील पहिल्या पेनाच्या ४८१० प्रती काढल्या. माँब्लाँ शिखराची मीटरमधील उंची म्हणून हा आकडा त्या कंपनीच्या निबेवर पूर्वीपासून कोरलेला असे. संख्येला अशी एखादी कथा जोडली की ग्राहकाला ती संख्या अर्थपूर्ण वाटू लागते. वस्तुतः ४८१० ऐवजी ४८११ पेने निघाली असती, तर एकाच्याही लिहिण्यात तसूभर फरक पडला नसता.

या रूढीचे टोक भारताने २००९ मध्ये पाहिले. गांधी जयंतीच्या सुमारास याच कंपनीने महात्मा गांधींच्या नावाने सोन्याचे पेन बाजारात आणले. दांडीयात्रेच्या २४१ मैलांचे स्मरण म्हणून त्याच्या २४१ प्रती काढण्यात आल्या. पेनाभोवती सुताच्या पेळूची आठवण देणारी सोन्याची तार गुंडाळलेली होती, निबेवर हाती काठी घेतलेले गांधीजी कोरलेले होते आणि एका पेनाची किंमत अकरा लाख रुपयांहून अधिक होती. लोकांना हे रुचले नाही. केरळ उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २०१० मध्ये कंपनीला भारतातील विक्री थांबवावी लागली. टीका करणाऱ्यांचा मुख्य आक्षेप साधेपणाचे प्रतीक सोन्यात मढवण्यावर होता. पेनांच्या जाणकारांचा आक्षेप याहून थोडा वेगळा होता. एवढ्या किमतीचे पेन घेणारा मनुष्य त्याने पत्र लिहील काय, हा त्यांचा प्रश्न होता.

गांधीजींच्या लेखनसाधनांचा विषय निघालाच आहे, तर काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली एक आठवण येथे पाहण्यासारखी आहे. १९१५ साली मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले असता गांधीजी चिंतातुर होऊन काहीतरी शोधत होते. शोध चालला होता तो एका लहानशा पेन्सिलीचा. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली, परंतु त्यांना ती नको होती. मद्रासला एका लहान मुलाने ती पेन्सिल त्यांना प्रेमाने दिली होती आणि ती हरवणे त्यांना सहन होत नव्हते. अखेर सापडली तेव्हा ती दोन इंचांपेक्षाही आखूड होती. त्या तुकड्याचे मोल अकरा लाखांच्या पेनाला कधीच गाठता येणार नाही, कारण ते संख्येतून आलेले नव्हते. कोणी दिले आणि त्याने किती लिहिले, या दोनच गोष्टींनी ते ठरले होते.

आंध्रातील राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने शाईचे पेन घडवले आणि ते गांधीजींपर्यंत पोहोचवले. गांधीजींनी ते वापरून पाहिले आणि जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र लिहून, बाजारातील परदेशी पेनांना हा चांगला पर्याय असल्याची पोच दिली. आधी वापर आणि मग अभिप्राय, हा क्रम या साध्या पत्रात आहे. आजच्या मर्यादित आवृत्त्यांच्या व्यवहारात नेमका हाच क्रम उलटा झाला आहे. पेन विकले जाते, त्याचे छायाचित्र निघते, वाखाणणी होते आणि शाईशी मात्र त्याची गाठ पडतच नाही.

तेच पेन, नवा रंग

लाखांचे पेन घेणारे थोडे. परंतु हीच युक्ती हजारांच्या घरातही चालते. जर्मनीतील लामी कंपनीने १९८० मध्ये सफारी हे पेन काढले ते शाळकरी मुलांसाठी. मजबूत प्लॅस्टिकचा देह, बोटे योग्य जागी बसावीत म्हणून पकडीला दिलेला त्रिकोणी आकार, खिशाला घट्ट धरणारा तारेचा चाप आणि सहज बदलता येणारी निब, अशी त्याची विचारपूर्वक केलेली रचना आहे. त्या रचनेत तेव्हापासून फारसे बदलण्यासारखे काही राहिले नाही. मग दरवर्षी नवा रंग येऊ लागला. २०१६ मध्ये आलेला गडद जांभळा रंग बंद होताच तो मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने विकला गेला. जपानी कंपन्यांनी तर एकाच पेनाचे निरनिराळ्या दुकानांसाठी निरनिराळे रंग काढण्याची पद्धत पाडली आहे. निब तीच, यंत्रणा तीच. फक्त टोपण आणि दांडी यांच्या रंगांची जुळणी नवी. एकाच पेनाचे वीस रंग ज्याच्यापाशी आहेत, त्याच्यापाशी वास्तविक एकच पेन आहे, असे जुने संग्राहक हसून म्हणतात.

पारदर्शक पेनांची गोष्ट अशीच गमतीची. पूर्वी कंपन्या अशी पेने विकत नसत. शाई आत कशी ओढली जाते, दट्ट्या कसा सरकतो, हे दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला दाखवता यावे म्हणून ती विक्रेत्याच्या हाती दिली जात. त्यांचे काम समजावण्याचे होते. आज पारदर्शकता हाच एक शृंगार झाला आहे आणि पाहण्यासारखी कोणतीही यंत्रणा आत नसलेली पेनेही काचेसारखी स्वच्छ केली जातात.

जुन्या नावांना नव्याने उभे करण्याच्या प्रथेने मात्र थट्टेपेक्षा चीडच अधिक निर्माण केली आहे. पार्करचे ५१ हे पेन १९४१ मध्ये बाजारात आले. कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९३९ मध्ये, त्याची रचना पूर्ण झाली म्हणून हे नाव. त्याची निब आवरणाखाली झाकलेली असे. त्यामुळे शाई लवकर वाळत नसे आणि टोपण काढताक्षणी पेन लिहू लागे. टोपण फिरवावे लागत नसे, अलगद ओढले की निघे. लाखोंनी विकले गेलेले हे पेन आजही नीट साफ केले तर उत्तम लिहिते. २०२१ मध्ये त्याच नावाने नवे पेन आले. त्याचे रूप जुन्यासारखे होते, परंतु टोपणाला आटे होते आणि जुन्या पेनाला थोर ठरवणारी आतली रचना नव्हती. नावाने ओळख द्यावी आणि आत दुसरेच कोणी निघावे, असा हा प्रकार जाणकारांना वाटला.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. शांघायच्या हीरो कंपनीने पार्कर ५१ चे रूप घेऊन काढलेली स्वस्त पेने भारतात असंख्य हातांनी वापरली. ती नक्कल होती, हे खरेच. परंतु परीक्षेचे पेपर, बँकेची चलने, गावाकडची पत्रे या नकलेने इमानाने लिहिली. संग्राहकांच्या यादीत तिला स्थान नाही. लिहिणाऱ्यांच्या आठवणीत आहे.

शाईची दलदल

पेनांपेक्षाही शाईचा पूर मोठा आहे. जपानी भाषेत या वेडाला ‘शाईची दलदल’ अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला आहे. पाय एकदा रुतला की निघत नाही. या पुरातील एका प्रवाहाचा उगम मात्र हृद्य आहे. १९९५ च्या भूकंपात कोबे शहराची अपार हानी झाली. पुढे तेथील नागासावा या लेखनसाहित्याच्या दुकानाने आपल्या शहराच्या आठवणी शाईत उतरवल्या. रोक्को डोंगराचा हिरवा, बंदराच्या धक्क्याचा निळा, जुन्या वसाहतीचा तपकिरी असे ते आरंभीचे रंग. एखाद्या गावाने स्वतःला पुन्हा उभे करताना आपल्या डोंगराचा रंग दौतीत जपावा, यात कोणाला खटकण्यासारखे काही नाही.

खटकते ते पुढचे. प्रत्येक गावाची, प्रत्येक दुकानाची, प्रत्येक ऋतूची शाई निघू लागली. जपानच्याच सेलर कंपनीने २०१८ मध्ये एकदम शंभर रंग काढले; इतक्यांना नावे कोठून आणणार, म्हणून त्यांना केवळ क्रमांक दिले. आता थोडा हिशेब मांडून पाहावा. आजच्या बहुतेक पेनांत एका वेळी एक मिलिलीटरपेक्षा कमी शाई मावते. पन्नास मिलिलीटरच्या दौतीतून पेन निदान पन्नास वेळा भरता येते. आठवड्याला एकदा पेन भरणाऱ्याला एक दौत वर्षभर पुरते. ज्याच्या कपाटात अशा शंभर दौती आहेत, त्याने शतायुषी होऊन जन्मल्या दिवसापासून लिहावयास घेतले, तरच त्या संपतील.

शिवाय या नव्या शायांतील काहींचा लिहिण्याशी उघड विरोध आहे. चकाकणाऱ्या शाईत सूक्ष्म चमकी मिसळलेली असते. ती दौतीच्या तळाशी बसते, निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचांत अडकते आणि पेन तुंबते. दुसऱ्या काही शायांत रंगद्रव्य इतके दाट असते की, ते कागदात मुरण्याऐवजी वरच साचते. त्यामुळे निळ्या अक्षरावर तांबूस झळाळी दिसते खरी. पण दमट हवेत महिन्यांनंतरही ओलसर बोट लागले की अक्षर फरफटते. ही झळाळी दिसावी म्हणून पुन्हा विशिष्ट कागद लागतो. साध्या वहीवर, पोस्टाच्या पत्रावर किंवा शाळेच्या उत्तरपत्रिकेवर तिचा मागमूसही राहत नाही. ज्या शाईने लिहिलेले पत्र घडी घालून पाठवता येत नाही, ती शाई कोणासाठी, असे कोणी विचारल्यास त्याला जुन्या वळणाचा म्हणून बाजूस सारणे योग्य नाही.

निबेचे गूढ

सोन्याच्या निबेविषयी तर गैरसमजांचे जाळेच विणले गेले आहे. निबेसाठी सोने निवडले गेले ते वैभवासाठी नव्हे. पूर्वीच्या टिकाऊ शाया हिराकस आणि मायफळ यांपासून केलेल्या, म्हणजे आम्लयुक्त असत. अशी शाई साध्या पोलादाला खात असे. सोन्याला ती काही करू शकत नसे. आज गंजरोधक पोलाद उपलब्ध आहे आणि बहुतेक शायाही सौम्य आहेत, त्यामुळे ते कारण फारसे उरलेले नाही. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. निबेच्या टोकाला अत्यंत कठीण मिश्रधातूचा एक कण जोडलेला असतो आणि लिहिताना कागदावर तोच फिरतो. सोने कागदाला स्पर्शही करत नाही. टोक नीट घासलेले असेल तर पोलादी निबही लोण्यासारखी चालते. ते बिघडलेले असेल तर सोन्याचीही कागद ओरखडते. १९७० च्या आसपास जपानी कंपन्यांत एकवीस, बावीस, तेवीस अशी कॅरटांची चढाओढ लागली होती. लेखनाच्या दृष्टीने तिला काही अर्थ नव्हता.

अलीकडचे वेड लवचीक निबेचे. दाब दिला की तिच्या दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते. दाब सोडला की बारीक. रोमन लिपीच्या एका विशिष्ट वळणदार शैलीसाठी ही निब घडली. तिच्या हव्यासाने लोक साध्या, ताठ निबांवर जोर देतात आणि त्या कायमच्या वाकवून बसतात. मराठी लिहिणाऱ्याने तर थोडा विचार करावयास हवा. देवनागरीची जाड-बारीक रेघ दाबातून आलेली नाही. ती तिरक्या कापलेल्या बोरूच्या धारेतून आणि तो धरण्याच्या कोनातून आली आहे. ज्याला मराठी अक्षर देखणे काढावयाचे आहे, त्याला महागड्या लवचीक निबेपेक्षा टोक सपाट कापलेली साधी निब अधिक उपयोगी पडते. बोरूने कित्ता गिरवलेल्या जुन्या शिक्षकांना हे सहज कळले असते.

कोरलेले नाव

या साऱ्या रूढींमध्ये सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी रूढी शेवटची आहे आणि तिचा संबंध प्रत्येक घराशी येतो.

एके काळी मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांत पेनांवर नाव कोरून देणारे कारागीर बसत. मुलगा मॅट्रिक झाला, मुलीला शिक्षिकेची नोकरी लागली, पेढीवर नातू बसू लागला, कोणी निवृत्त झाले, की पेन घेतले जाई आणि तेथल्या तेथे त्यावर नाव उमटे. त्या नावासह पेन खिशात जाई आणि तीस-चाळीस वर्षे तेथेच राही. इतक्या वापरात निबेचे टोक लिहिणाऱ्याच्या हाताच्या कोनाप्रमाणे किंचित झिजते. पेन दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असे वडील मंडळी बजावत, ते यासाठीच. हळूहळू पेन त्या एका हाताचे होऊन जाई.

संग्राहकांच्या बाजारात हे कोरलेले नाव दोष समजले जाते. मालक प्रसिद्ध पुरुष असेल तर गोष्ट वेगळी. परंतु एखाद्या शाळामास्तरांचे, कारकुनाचे किंवा दुकानदाराचे नाव असेल, तर पेनाची किंमत उतरते. म्हणून काही विक्रेते ते नाव घासून काढतात. घासण्याने नुसते नावच जात नाही. एबोनाइटच्या जुन्या पेनांवर असलेली बारीक रेघांची नक्षी आणि कंपनीची मूळ मुद्राही पुसट होते. उन्हाने व ओलाव्याने तपकिरी पडलेले एबोनाइट पुन्हा काळे करण्याचे उपाय आहेत. तसे केल्याचे गिऱ्हाइकाला सांगावे की नाही, यावर जाणकारांत तीव्र वाद आहेत. सांगावयास हवे, यात खरे तर वाद असण्याचे कारण नाही.

दोषाची ही कल्पना पुढे नेली की शेवटी आदर्श पेन कोणते ठरते? जे कधीही शाईत बुडले नाही. ज्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. ज्याची पेटी, हमीपत्र आणि कागदी पिशवीसुद्धा शाबूत आहे. अशा पेनाला सर्वाधिक भाव मिळतो. वस्तूने आपले काम जितके कमी केले, तितकी ती अधिक मोलाची, असे हे गणित आहे.

मौजेची गोष्ट अशी की, हे गणित पदार्थांना मान्य नाही. जुन्या पेनांच्या पोटातील रबरी पिशवी वापरली नाही तरी काही दशकांत कडक होऊन तडकते. रबरातून सुटणाऱ्या गंधकयुक्त वायूने फिक्या रंगाचे सेल्युलॉइड पिवळट-तपकिरी पडते. सेल्युलॉइड स्वतःही काळाच्या ओघात विघटित होऊ शकते आणि हवा न लागणाऱ्या बंद पेटीत ते शेजारच्या पेनांनाही बाधते. मखमलीच्या पेटीत पेन जपले जाते, हा समज म्हणूनच पूर्णतः खरा नाही. जुन्या पेनाला अधूनमधून उघडणारा, धुणारा, वारा दाखवणारा आणि चार ओळी लिहिणारा हात हवा असतो.

उजवी बाजू

या रूढींना केवळ दोष देऊन थांबणे अन्यायाचे होईल. गरज उरलेली नसताना शाईच्या पेनाचे कारखाने चालू आहेत, ते हौशी ग्राहकामुळेच. जांभळ्या रंगाला भुलून पहिले पेन घेणारी एखादी मुलगी पुढे रोजनिशी लिहू लागते, हेही घडते. राजमहेंद्री, हैदराबाद, चेन्नईचा परिसर, पुणे अशा ठिकाणी आजही लेथवर एबोनाइटची कांडी कातून एकेक पेन घडवणारे कारागीर आहेत. गिऱ्हाइकाची पकड जाड आहे की बारीक, तो उजवा आहे की डावरा, हे विचारून ते पेन वळतात. हौसेचा पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचला, तर त्या हौसेला नावे ठेवता येणार नाहीत. प्रश्न हौस करण्याचा नाही. हौस कशाची करावी, हा आहे.

व्यापारी घरांत दिवाळीला वहीपूजन होते तेव्हा वहीशेजारी लेखणीही ठेवली जाते. तिला कुंकू लागते, फूल वाहिले जाते आणि मग त्याच लेखणीने नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला जातो. पूजा झाली म्हणून ती लेखणी देव्हाऱ्यात बंद केली जात नाही. दुसऱ्या दिवशी तीच जमाखर्च लिहू लागते. एखाद्या वस्तूचा मान राखणे आणि तिला कामाला लावणे, यांत विरोध नाही, हे या जुन्या रीतीत न बोलता सांगितलेले आहे.

ज्यांच्या घरी टेबलाच्या खणात असे एखादे पेन पडून असेल, त्यांनी ते बाहेर काढावयास हरकत नाही. वाळलेली शाई सुटावी म्हणून फक्त निब साध्या पाण्यात रात्रभर ठेवावी. गरम पाणी मुळीच वापरू नये आणि एबोनाइटची दांडी पाण्यात बुडवू नये, तिचा रंग उडतो. बाजूची तरफ किंवा मागची कळ अडली असेल, तर जोर न लावता ते पेन दुरुस्ती जाणणाऱ्याकडे न्यावे. आतली पिशवी बदलण्याचे काम फार मोठे नसते. भरताना शाईच्या पेनासाठी केलेली साधी शाई घ्यावी. चित्रकलेची न धुतली जाणारी काळी शाई कधीही भरू नये. भरलेले पेन महिनोन्‌महिने तसेच ठेवू नये.

आणि दांडीवर कोणाचे नाव असेल, तर ते घासू देऊ नये. पुसट झालेली ती अक्षरे नातवंडांना वाचून दाखवावीत, ती कोणाची आणि कोणी, केव्हा कोरून घेतली ते सांगावे, आणि मग पेन त्यांच्या हाती देऊन पहिली ओळ त्यांनाच लिहू द्यावी.